ब्राऊन शुगर दगड का होते?
फडताळातील साखर मऊ ठेवण्याचे आणि कडक झालेली पुन्हा सैल करण्याचे उपाय

नाताळच्या केकसाठी डिसेंबरात आणलेले ब्राऊन शुगरचे पाकीट अर्धे वापरून होते. उरलेल्याला रबरबँड लावून ते फडताळाच्या मागच्या रांगेत ठेवले जाते. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये कुकीज करण्याचा बेत ठरतो आणि पाकीट बाहेर निघते. आणताना वाळूच्या ओल्या किल्ल्यासारखी मऊ असलेली साखर आता विटेसारखी टणक झालेली असते. चमचा आत शिरत नाही, सुरी घसरते. 'खराब झाली' असे म्हणून अनेक घरांत ती कचऱ्याच्या डब्यात जाते.

वास्तविक ती खराब झालेली नसते. तिच्यातून गेलेले असते ते फक्त पाणी, आणि तेही फार थोडे. या प्रकारच्या साखरेत ओलावा साधारण दीड ते चार टक्के असतो. म्हणजे पाव किलोच्या पाकिटात मऊ साखर आणि दगड यांच्यातील फरक चहाच्या एक-दोन चमच्यांएवढ्या पाण्याचा असतो. साध्या साखरेहून महाग असलेला जिन्नस तेवढ्या पाण्यापायी फेकून देण्याचे कारण नाही. मात्र हे पाणी जाते कोठे आणि परत कसे आणायचे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

तपकिरी रंग कशाचा?

एकेकाळी मराठी वृत्तपत्रांत 'ब्राऊन शुगर' हे शब्द गुन्हेवृत्तातच भेटत. त्या नावाचा अमली पदार्थ आणि स्वयंपाकघरातील ही तपकिरी साखर यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. बेकिंगची आवड घरोघरी पोहोचली, तशी ही साखर किराणा मालाच्या दुकानांतही दिसू लागली.

उसाचा रस आटवून साखरेचे स्फटिक वेगळे काढले, की जो दाट, काळपट पाक मागे उरतो त्याला साखर कारखान्यांच्या भाषेत मळी म्हणतात. पाश्चात्त्य देशांत या पाकाचा खाण्यायोग्य प्रकार स्वयंपाकात वापरला जातो. ब्राऊन शुगर म्हणजे बारीक पांढऱ्या स्फटिकांवर या पाकाचा पातळ थर असलेली साखर. हा थर दोन प्रकारे येतो. काही ठिकाणी साखर पूर्ण शुद्ध न करता मूळचा पाकच तिच्यावर राहू दिला जातो. बहुतेक मोठे उत्पादक मात्र आधी पांढरी साखर करतात आणि नंतर तिला ठरावीक प्रमाणात पाक चोळतात. फिकट ब्राऊन शुगरमध्ये हे प्रमाण साधारण साडेतीन टक्के, तर गडद प्रकारात साडेसहा टक्क्यांच्या आसपास असते.

याच कुटुंबातील दोन नावे आपल्याकडील पाकिटांवरही आढळतात. गयानातील एका प्रदेशावरून नाव पडलेली डेमेरारा साखर जाड दाण्यांची आणि बरीच कोरडी असते. मस्कोव्हाडो हे पोर्तुगीज मुळाचे नाव असलेली साखर याउलट भरपूर पाक असलेली, ओलसर आणि चिकट असते. आपल्या दुकानांत 'ब्राऊन शुगर' म्हणून मिळणारी बरीचशी साखर डेमेरारा धाटणीची असते. ती मुळातच सुटी असल्याने लवकर दगड होत नाही, पण परदेशी पाककृतीत अपेक्षित असलेला मऊपणाही तिच्यात नसतो. काही साखरेला केवळ कॅरामलचा रंग दिलेला असतो. त्यामुळे पाकिटावरील घटकांची यादी वाचून मगच खरेदी करावी. मऊपणा रंगातून येत नाही, पाकातून येतो.

ओलावा जातो कोठे?

प्रत्येक साखरेचे हवेशी एक नाते असते. हवा ठरावीक मर्यादेपेक्षा दमट झाली की साखर तिच्यातील बाष्प ओढून घेते, आणि हवा कोरडी झाली की आपल्याजवळचे पाणी सोडून देते. शुद्ध पांढऱ्या साखरेच्या बाबतीत ही मर्यादा साधारण ८५ टक्के आर्द्रतेच्या जवळ आहे. म्हणूनच एरवी सुटी असलेली साखर मुंबईच्या भर पावसाळ्यात डब्यात गोळा होते. फळांत आणि मधात आढळणारी फ्रुक्टोज ही साखर मात्र ६० टक्क्यांच्या थोड्या पुढेच पाणी ओढू लागते. उसाच्या पाकात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही साखरा असतात. त्यांच्यामुळेच पाक ओला राहतो आणि त्या पाकात भिजलेले स्फटिक एकमेकांवरून सहज घसरतात. बोटांना जाणवणारा मऊपणा तो हाच.

हवा कोरडी झाली, की पाकाच्या या थरातील पाणी उडून जाते. त्यात विरघळलेल्या साखरेला आता विरघळून राहण्यापुरते पाणी उरत नाही. ती नव्याने स्फटिकरूप घेते आणि शेजारशेजारच्या दाण्यांमध्ये छोटे पूल बांधते. असे अगणित पूल तयार झाले, की सुट्या दाण्यांची एकसंध वीट होते. हातोडीने ती फोडता येते, पण त्यातून मिळतात ते टणक तुकडेच. पाणी परत मिळाल्याखेरीज हे पूल विरघळत नाहीत.

साखर मऊ राहण्यासाठी भोवतालच्या हवेत साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता असावी, असे मानले जाते. महाराष्ट्रात वर्षभर अशी हवा कोठेच नसते. पावसाळ्यात मुंबई-कोकणातील आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते, तर पुणे, नाशिक, नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. वातानुकूलन यंत्रही खोलीतील ओलावा काढून घेते. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांत हीच तक्रार ऐन हिवाळ्यात उद्भवते, कारण हीटरमुळे घरातील हवा अतिशय कोरडी होते.

मिठाचा उपाय येथे उलटतो

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून मिठाच्या भांड्यात तांदळाचे दाणे टाकण्याची पद्धत आपल्या घरांत जुनी आहे. तोच विचार करून अनेक जणी ब्राऊन शुगरच्या बरणीतही तांदूळ टाकतात, किंवा औषधाच्या बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी ठेवतात. येथे नेमका उलटा परिणाम होतो. मिठाला ओलाव्यापासून वाचवायचे असते, तर या साखरेचा ओलावा राखायचा असतो. कोरडे तांदूळ आणि शोषक पुडी तिला लवकर दगड करतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून दोन-चार लवंगा टाकल्यास मऊपणाला बाधा येत नाही, मात्र त्यांचा वास साखरेला लागतो, हे ध्यानात असावे.

साठवणीतील पहिली चूक असते ती डब्याची. आपल्या स्वयंपाकघरातील स्टीलचे डबे दिसायला घट्ट असले, तरी त्यांच्या झाकणाच्या कडेतून हवा ये-जा करते. डाळ-तांदळाला ते चालते, या साखरेला चालत नाही. रबरी कडीचे झाकण असलेली काचेची बरणी किंवा चारही बाजूंनी खटक्याने बंद होणारा प्लास्टिकचा डबा वापरावा. ते नसल्यास मूळ पाकिटातील हवा दाबून काढावी, तोंड दुमडून घट्ट बंद करावे आणि ते पाकीट झिप असलेल्या जाड पिशवीत घालून डब्यात ठेवावे.

दुसरी चूक असते आकाराची. दोन किलोच्या डब्यात पाव किलो साखर ठेवली, तर उरलेली जागा हवा व्यापते आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना ती हवा बदलते. साखर कमी होईल तसा डबाही लहान करावा. गॅसच्या शेगडीवरील कपाट आणि फ्रिजच्या वरची जागा उष्ण असते. अशा ठिकाणी ही साखर ठेवू नये. फ्रिजमधील हवा कोरडी असते, त्यामुळे उघडे किंवा अर्धवट बंद पाकीट तेथे ठेवण्यात फायदा नाही. फार दिवस वापर होणार नसेल, तर हवाबंद पिशवीत घालून ती फ्रीझरमध्ये ठेवता येते. वापरण्यापूर्वी पिशवी न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अन्यथा थंड साखरेवर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात.

दिवाळीची पणती कामाला

हवाबंद डबाही पुरेसा ठरत नाही, अशा कोरड्या हवेच्या गावांत डब्यातच ओलाव्याची छोटी सोय करावी लागते. परदेशात यासाठी भाजक्या मातीच्या चकत्या विकत मिळतात. आपल्याकडे त्यांची जागा दिवाळीची साधी पणती घेऊ शकते. पणती कोरी असावी. तेल लागलेली, रंगवलेली किंवा चकाकी दिलेली पणती चालत नाही. स्वच्छ धुतलेली पणती पिण्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावी, बाहेर काढून पुसावी आणि वरचे पाणी पूर्ण टिपले गेले की साखरेवर ठेवून डबा बंद करावा. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले पाणी हळूहळू बाहेर येते. माठातील पाणी गार करणारा गुण तो हाच. साखर पुन्हा कडक होऊ लागली, की पणती परत भिजवावी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तिची गरज नसते. तेव्हा ती काढून ठेवावी.

पावाचा तुकडा किंवा सफरचंदाची फोड डब्यात टाकणे हा दुसरा प्रचलित उपाय आहे. दोन्हींतील पाणी साखर ओढून घेते. पाव वाळून कडक होतो आणि साखर मऊ होते. उपाय चांगला आहे, पण तो एका रात्रीपुरताच असावा. पाव आणि फळ यांना आपल्या हवेत लवकर बुरशी येते आणि ती डब्यातील साखरेत पसरू शकते. साखर सैल झाली, की तुकडा लगेच काढून टाकावा. कायमची सोय म्हणून पणतीच अधिक सुरक्षित होय.

दगड झालीच, तर

घाई नसेल तेव्हाचा मार्ग सर्वांत चांगला. कडक साखर डब्यात घालावी, तिच्यावर छोटी वाटी ठेवून वाटीत ओला करून घट्ट पिळलेला स्वच्छ कापडाचा तुकडा ठेवावा आणि डबा रात्रभर बंद ठेवावा. कापडाचा स्पर्श साखरेला होऊ देऊ नये. खडा मोठा असेल तर दोन रात्री लागतात. अशा रीतीने सैल झालेली साखर नीट बंद ठेवल्यास मऊ राहते, कारण तिला तिचे पाणी खरोखर परत मिळालेले असते.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह वापरता येतो. काचेच्या भांड्यात साखर घेऊन त्यावर ओलसर कागदी नॅपकिन झाकावा आणि एका वेळी वीस सेकंद तापवून काट्याने मोकळी करीत जावे. ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला सुमारे पाच मिनिटे ठेवूनही तोच परिणाम साधतो. मात्र उष्णतेने सैल झालेली साखर निवताच पुन्हा आवळते. म्हणून लागेल तेवढीच तापवावी आणि लगेच वापरावी. तापवताना दुर्लक्ष झाल्यास साखर वितळते. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक गरम असते आणि कातडीला चिकटून खोल भाजते. भांडे कोरड्या जाड फडक्यानेच धरावे. मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

इडलीपात्रात वाफवण्याचा मोह मात्र टाळावा. झाकणावरील पाण्याचे थेंब साखरेवर पडून खाली पाक आणि मध्ये खडा, अशी तिची अवस्था होते. थेट पाणी शिंपडल्यानेही हेच घडते.

प्रत्येक वेळी मऊ करण्याची गरज असतेच, असेही नाही. खीर, कॉफी, सॉस किंवा पाक करताना साखर विरघळणारच असते. तेथे खडा वजन करून तसाच टाकावा किंवा गुळाप्रमाणे किसणीवर किसून घ्यावा. लोण्याबरोबर फेसून करावयाच्या केक-कुकीजसाठी मात्र साखर मऊच हवी. खडे राहिल्यास लोणी नीट फुगत नाही आणि भाजल्यावर कुकीजवर काळे डाग दिसतात. अशा पाककृतीत 'दाबून भरलेला एक कप' असे माप असते. ते सुमारे २०० ते २२० ग्रॅम भरते. साखर कडक असेल तर कपाऐवजी वजनकाट्यावर भरवसा ठेवावा.

गुळाची तऱ्हा वेगळी

मराठी स्वयंपाकघराला ओलाव्याचा हा खेळ नवा नाही. गूळ हा त्याच उसाचा, पण मळी वेगळी न काढता आटवलेला पदार्थ. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस सुमारे १०५ अंशांपर्यंत आटला की काकवी होते आणि ११८ अंशांच्या आसपास गुळाचा पाक तयार होतो. स्फटिकांपासून काहीच वेगळे न काढल्यामुळे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि खनिज क्षार गुळात ब्राऊन शुगरपेक्षा कितीतरी अधिक राहतात. हे सारे पाणी ओढणारे घटक आहेत. म्हणून ब्राऊन शुगरची मुख्य तक्रार कोरडेपणाची, तर गुळाची मुख्य तक्रार पावसाळ्यात पाझरण्याची. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळही याला अपवाद नाही. व्यापारी पावसाळ्यापूर्वी गूळ शीतगृहात हलवतात, त्याचे कारण हेच.

त्यामुळे एकाच्या डब्यातील उपाय दुसऱ्याला लावू नये. गुळाच्या डब्यात ओली पणती ठेवली, तर गूळ पाणी होईल. पावसाळ्यापुरता लागेल तेवढाच गूळ आणावा, बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा आणि डब्यात ओला हात किंवा चमचा घालू नये. गूळ वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवयही सोडावी. छपाईची शाई अन्नात उतरू शकते, म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिली आहे. साठवणीत गुळाचा रंग गडद होणे स्वाभाविक आहे. आंबूस वास, फेस किंवा बुरशी दिसल्यास मात्र तो वापरू नये. पाझरलेला गूळ आणि दगड झालेली ब्राऊन शुगर यांत हा मोठा फरक आहे. कोरडी साखर टिकते, ओल्या गुळात जंतूंना वाव मिळतो.

लागेल तेव्हा घरीच

वर्षातून दोन-तीनदाच ही साखर लागत असेल, तर पाकीट साठवण्याऐवजी ती घरी करणे सोपे पडते. २०० ग्रॅम बारीक पांढऱ्या साखरेत एक मोठा चमचा काकवी घालून बोटांनी किंवा काट्याने रंग एकसारखा होईपर्यंत चोळावी. गडद साखर हवी असल्यास दोन चमचे काकवी घ्यावी. काकवीची चव परदेशी पाकापेक्षा सौम्य आणि गुळचट असते, पण केक-कुकीजमध्ये मऊपणाचे काम ती चोख करते. कारखान्यातील मळी यासाठी वापरू नये, ती खाण्यासाठी तयार केलेली नसते.

तपकिरी रंगामुळे ही साखर आरोग्यदायी असल्याचा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. पाकातील खनिजे तिच्यात येतात, पण त्यांचे प्रमाण नगण्य असते. १०० ग्रॅम साखरेतून मिळणारी ऊर्जा पांढरी असो वा तपकिरी, ३८० ते ४०० किलोकॅलरींच्या घरातच राहते. आहारातील एकूण ऊर्जेपैकी अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस तिलाही लागू होते. मधुमेहींनी पांढऱ्या साखरेला पर्याय म्हणून तिच्याकडे पाहू नये. तिची खरी खासियत चवीत आणि भाजलेल्या पदार्थाला येणाऱ्या ओलसरपणात आहे.

थोडक्यात

- कडक झालेली ब्राऊन शुगर खराब नसते, तिचा ओलावा गेलेला असतो. बुरशी, किडे किंवा विचित्र वास असेल तरच ती टाकावी.
- हवाबंद आणि साखरेच्या मापाचाच डबा वापरावा. साधा स्टीलचा डबा पुरत नाही.
- तांदळाचे दाणे व ओलावा शोषणारी पुडी या साखरेत ठेवू नये.
- कोरड्या ऋतूत भिजवून पुसलेली कोरी पणती डब्यात ठेवावी, पावसाळ्यात काढावी.
- पाव किंवा सफरचंदाची फोड एका रात्रीपेक्षा अधिक ठेवू नये.
- मायक्रोवेव्हमध्ये मऊ केलेली साखर लगेच वापरावी. साठवायची असेल तर ओल्या कापडाचा रात्रभराचा उपाय करावा.
- गुळाला यातील ओलाव्याचा कोणताही उपाय लावू नये. त्याला कोरडेपणाच हवा.